तिसऱ्या दाराचं माप

सोमवार, १२ ऑक्टोबर
दुपारचे सव्वादोन

प्रिय ताई,

तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला गेला का, की अजून डॉक्टर बदलणं चालूच आहे? आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. मुंगी आता अडीच वर्षांची झाली आणि गुंडू पालथा पडायला लागला. सरळ मात्र होता येत नाही, मग कासवासारखा ओरडतो. आत्ता दोघं झोपली आहेत आणि समोरच्या काकू नुकत्याच बेल वाजवून गेल्या. सकाळपासून चौथ्यांदा. कपड्यांचे चिमटे हवे होते म्हणे. त्यांच्याकडे माझे इतके चिमटे झालेत की आता माझेच कपडे मला खुर्चीवर वाळत घालावे लागतात.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतेस आणि दुसऱ्या दिवशी माझंच वाक्य मला तुझ्या लाडक्या मेहुण्याच्या तोंडून ऐकायला मिळतं. निदान कागद मध्येच दुसऱ्याला जोडून देता येत नाही.

तर बातमी अशी, की आम्ही डबल बाबागाडी घेतोय. कल्पना माझी नाही. त्या प्रकारानंतर सगळ्यांनी मिळून शोधून काढलेला हा उपाय आहे. 'प्रकार' हा शब्द नवऱ्याचा. तू त्याला 'ते झालं ते' म्हणतेस. झालं एवढंच होतं, की गुंडूला लस टोचून आणताना मी मुंगीला औषधाच्या दुकानाबाहेरच्या बाकावर विसरले, आणि लक्षात आल्यावर धावत जाऊन घेऊन आले. पंधरा मिनिटांचा मामला. झोप नाही, थकवा आहे, कुणाचंही होईल. तूच म्हणालीस ना असं? मग झालं. पुढे जाऊ या.

नवऱ्याचं म्हणणं, दोघं एकाच गाडीत पट्ट्याने बांधलेली असली की प्रश्नच मिटला. काल रविवारी दुकानात गेलो. तिथली विक्रेती बाई इतकं गोड बोलत होती की मी आधी पर्स घट्ट धरली. "ताई, तुम्ही नुसतं चालवून बघा, लोण्यासारखी चालते." दोन तऱ्हेच्या गाड्या होत्या. एकीत सीटं शेजारी-शेजारी, दुसरीत मागे-पुढे. मागे-पुढेवालीत एक मूल पुढे ऐटीत बसतं आणि दुसरं त्याच्या पाठीमागे, खाली, सामानाच्या टोपलीच्या जरा वर.

तुला माझी सवय माहीतच आहे. अकरा वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर उभी आहे मी. बाळंतपणाची रजा घेतली म्हणून डोळे काही रजेवर गेले नाहीत. मी गाडीचा पट्टा उलटा करून पाहिला तर खालच्या बाजूला तीन टाके सुटलेले! बाईला दाखवले. ती म्हणाली, "हा नमुन्याचा पीस आहे ताई." मी म्हटलं, "मग नमुना तरी धड ठेवा." नवरा छताकडे बघत उभा.

मला शेजारी-शेजारी सीटांची हवी होती. दोघांची तोंडं दिसतात. त्याला मागे-पुढेवालीच हवी. का? तर अरुंद आहे. मी म्हटलं, आपल्या बिल्डिंगच्या लिफ्टमधून रुंद गाडीसुद्धा जाते, तूच त्या लिफ्टची दुरुस्ती करतोस, तुला ठाऊक नाही? तर म्हणाला, "उद्या कुठे जायचं झालं तर? अरुंद बरी पडते." एवढा सरळ माणूस, पण सांगताना माझ्याकडे न बघता चाकाकडे बघत होता. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आज सकाळी त्याचा शर्ट धुवायला घेतला तर खिशात चिठ्ठी. तीन आकडे. ८४, ८०, ७१. चौऱ्याऐंशी आमच्या घराचं दार. ऐंशी लिफ्टचं. आणि एकाहत्तर?

ताई, एकाहत्तर सेंटिमीटर हे माप मी जन्मात विसरणार नाही. तुझा फ्रीज आला तेव्हा दारात अडकून बसला होता, भावोजी आत आणि हमाल बाहेर, आणि तू मध्ये उभी राहून दोघांना रागावत होतीस. घरात टेप फक्त माझ्या पिशवीत होती. मीच मोजलं होतं. एकाहत्तर. शेवटी दार बिजागऱ्यांतून काढावं लागलं.

माझ्या मुलांची गाडी तुझ्या दारातून आत जायला हवी आहे ती का?

गेल्या आठवड्यात फोनवर तू विचारलंस, मुंगी दूध कपाने पिते की बाटलीने. त्याच्या आदल्या वेळी विचारलंस, झोपताना दिवा लागतो का तिला. आणि सहज म्हणून सांगितलंस की मागची खोली रिकामी केली, भावोजींची पुस्तकं वरच्या माळ्यावर गेली. तीस वर्षांत ती पुस्तकं जागची हलली नव्हती. मी वेडी नाही गं. कुठेतरी पाणी मुरतंय, आणि मुरवणारी दोन माणसं माझ्या सगळ्यात जवळची आहेत. मला याचा भयंकर राग आलाय. आणि भीती वाटतेय.

मुंगी उठली. बाकीचं नंतर.


गुरुवार, १५ ऑक्टोबर

पत्र टाकलं नाही. सोमवारी संध्याकाळी त्याला चिठ्ठी दाखवली. म्हणाला, "अगं, एका लिफ्टचं माप आहे ते."

"लिफ्टची दारं सत्तरची असतात, ऐंशीची असतात. एकाहत्तरचं नसतं. तूच शिकवलंयस मला."

"जुनी लिफ्ट आहे."

"कुठली?"

त्यावर तो ताटं उचलून आत गेला. भांडी न सांगता घासली, त्यावरून काय ते समजलं.

काल तो कामावर गेल्यावर मी दोघांना घेऊन निघाले. त्या दिवसानंतर मी एकटी दोघांना घेऊन पहिल्यांदाच बाहेर पडले. गुंडू जुन्या गाडीत, मुंगी माझा हात धरून. काकूंनी दार किलकिलं केलं. मी म्हटलं, "दुकानात जातेय काकू, दोन जातायत, दोन परत येतील. मोजून घ्या." बिचाऱ्यांचा चेहरा पडला. नंतर वाईट वाटलं, पण तेव्हा बरं वाटलं.

दुकानात तीच बाई. मला बघून तिने आधी पट्टा हाताने झाकला. मी तिला म्हटलं, मला दोन्ही गाड्या मुलांना बसवून बघायच्या आहेत. आधी शेजारी-शेजारीवाली. मुंगीने बसल्याबरोबर गुंडूचा कान धरला आणि दुकानभर हिंडेपर्यंत सोडला नाही. त्यालाही ते चालत होतं. त्या दोघांचं एकमेकांशी काहीतरी ठरलेलं असतं, मला कळत नाही.

मग मागे-पुढेवाली. गुंडूला पुढे आणि मुंगीला मागे बसवलं. तिच्या समोर पुढच्या सीटचं निळं कापड, वर छत्री. मी ढकलायला लागले. चार पावलं गेले असेन, तर आतून आवाज आला.

"आई, आहेस?"

"आहे गं."

परत चार पावलं. "आई, आहेस?"

ती रडत नव्हती. लाडात पण बोलत नव्हती. मी टेबलावर शर्ट उलटून शिवण ओढून बघते ना, तसं विचारत होती. दुकानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात वेळा विचारलं तिने. विक्रेती बाई हसून म्हणाली, "किती जीव आहे हो आईवर!" मी तिथेच खाली बसले. बाईने पाणी आणून दिलं. तिच्या गोड बोलण्याविषयी मी वर जे लिहिलंय ते थोडं कमी करून वाच.

ताई, तुम्ही सगळे माझ्यावर संशय घेताय, मी तुमच्यावर घेतेय. पण त्या गाडीत बसलेल्या पोरीला जे माहीत आहे ते तुमच्यापैकी कुणालाच माहीत नाही.

आज एवढंच लिहिता येतंय.


शनिवार, १७ ऑक्टोबर
सकाळ

रुंद गाडी घेतली. शेजारी-शेजारी सीटांची, शहात्तर सेंटिमीटर. पट्टा स्वतः तपासला, सगळे टाके जागेवर आहेत. काल घरी आली. नवऱ्याने ती बघितली, टेप काढली, मोजली आणि पलंगावर बसून राहिला. मग म्हणाला, "ही ताईंच्या दारातून जाणार नाही."

"म्हणूनच घेतली," मी म्हटलं.

मग त्याने सगळं सांगितलं. दोघांना दोन महिने तुझ्याकडे ठेवायचं, मला झोप मिळेल, मी सावरेन. तुम्ही दिवाळं निघालेल्या माणसाची मालमत्ता हलवावी तसं गुपचूप ठरवत होतात, पण ठरवताना तो रडला होता असंही त्याने सांगितलं. "तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस." ते खरं आहे. माझा संशय खरा निघाला, ताई. इतकं बरोबर निघाल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

तो म्हणाला, "तू विसरलीस यात तुझा दोष नाही." तेव्हा मी त्याला खरं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. आधी तुला लिहिते. तुला सांगून झालं की त्याला सांगता येईल.

मी विसरले नव्हते.

दवाखान्यातून निघालो तेव्हा गुंडू किंचाळत होता. मुंगी रस्त्यात बसली. 'उचल' म्हणाली. मी म्हटलं चल. ती म्हणाली उचल. एक हात गाडीला, दुसऱ्यात औषधांची पिशवी, आणि ती नुसतं उचल, उचल. मी तिला धरून त्या बाकावर बसवलं, जरा जोरातच, आणि म्हटलं, "बस मग इथेच." आणि निघाले. पहिली काही पावलं मला खरंच वाटत होतं की घाबरून मागे येईल. सगळ्याच आया असं करतात, तूही म्हणशील. पण ती आली नाही. मी वळून पाहिलं. ती बाकावर पाय हलवत बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. आमची नजरानजर झाली, ताई. आणि मी कोपऱ्यावरून वळले.

मी पार बिल्डिंगपर्यंत गेले. वाटेत गुंडू झोपला. पिशवी गाडीला अडकवली होती, माझा एक हात मोकळा होता. मला इतकं हलकं वाटलं की मी एका दुकानाच्या काचेत बघून केस सारखे केले. हे लिहितानासुद्धा मला माझी किळस येते. लिफ्टचं दार उघडलं, मी गाडी आत घातली, बाजूला सरकून मुंगीसाठी जागा केली, आणि ती जागा रिकामी दिसली तेव्हा मला समजलं मी काय केलंय. कशी धावत परत गेले ते मला आठवत नाही. मुंगी औषधवाल्या बाईंच्या मांडीवर बसली होती. बाई म्हणाल्या, "विसरलात होय? होतं हो असं कधी कधी." हा शब्द त्यांनी मला दिला आणि मी घेतला. त्यांच्याकडून काकूंनी नेला, काकूंकडून त्याने, त्याच्याकडून तू. आता तो इतका सगळ्यांचा झालाय की मला परत करता येईना.

विसरण्यावर बाबागाडी हा उपाय आहे. ह्याच्यावर कुठला आहे ते मला माहीत नाही. सोमवारी सकाळी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे. लसीसाठी नाही, माझ्यासाठी. त्यांना काय सांगायचं ते वर लिहिलंय, तेवढं उतरवून घेतलंय, तेच वाचून दाखवेन. माझं माझ्या मुलांवर प्रेम आहे, ह्याबद्दल मला शंका नाही. पण पुन्हा एखाद्या दिवशी हात असा मोकळा झाला तर मी काय करेन, ह्याबद्दल आहे. स्वतःवर पाळत ठेवून मी फार दमले गं.

मुंगीशी परवा बोलले. तिला म्हटलं, "त्या दिवशी आई तुला बाकावर ठेवून गेली. आईचं चुकलं." ती म्हणाली, "हो." मग गुंडूचं टोपडं स्वतःच्या डोक्यावर घालून बसली. अजूनही मी दुसऱ्या खोलीत गेले की विचारते, आहेस का. मी दर वेळी उत्तर देते. संडासातूनसुद्धा.

आता मागणं. मुलांना तुझ्याकडे पाठवणार नाही. त्यांना माझ्यापासून लांब नेलंत तर मुंगीला जे वाटतंय ते तुम्ही पक्कं कराल. तूच ये. भावोजींना डबे लाव आणि ये, दोन महिने ये, माझ्या घरात माझ्यावर उघड लक्ष ठेव. काकूंच्या चिमट्यांपेक्षा ते मला सोसवेल. आणि तू आल्यावरही डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मुलांना काही दिवस दूर ठेवा, तर मी बॅग भरेन, माझ्या हाताने. पण माझ्यासमोर ठरवा. मला खोलीबाहेर ठेवून नका ठरवू.

हे पत्र मी चिकटवत नाहीये. कामावर जाताना टपालात टाक म्हणून त्याच्या हातात देणार आहे, उघडंच. वाटेत वाचायचं की नाही ते त्याचं त्याने ठरवावं. तो टपालपेटीपाशी जायच्या आधी माघारी वळला तर मला खिडकीतून दिसेल, आणि मी दार उघडून उभी राहीन.

भावोजींना नमस्कार.

काहीही न विसरलेली,
तुझी धाकटी