नव्वद कंबरा आणि एक टेप

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार घालण्याइतकी लांब माझी खोली नाही, तेव्हा तो बसल्या जागेवरूनच स्वीकार. तुझा गुडघा कसा आहे? आतोबांचा खोकला? शिवणयंत्राची कुरकुर? (तिघांनाही वेळेवर तेल लागतं, असं तूच म्हणायचीस.)

घरातली पहिली पदवीधर नोकरीत नेमकं करते काय, असं तू विचारलंस. आत्या, मी शाळेतल्या मुलांच्या कंबरा मोजते. हसू नकोस. मुलं काय खातात, किती हुंदडतात हे वेळीच कळलं तर पुढचा लठ्ठपणा टाळता येतो, यावर माझा मनापासून विश्वास आहे. म्हणून प्रत्येकाला आठवडाभर पावलं मोजणारं यंत्र बांधायचं आणि काल काय खाल्लं ते विचारून लिहायचं. मुख्याध्यापिकाबाई शेजारी उभ्या होत्या, त्यामुळे नव्वदच्या नव्वद मुलांनी काल फक्त पालेभाजी खाल्ली होती. एका पठ्ठ्याने दिवसात साठ हजार पावलं टाकली. चौकशीअंती ती त्याच्या कुत्र्याची निघाली. (कुत्र्याची प्रकृती उत्तम आहे.) आमच्या लहानपणी असं यंत्र असतं तर ते दुपारीच दमून बसलं असतं. आठवतं? तू गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशी हाक मारायचीस आणि मी धापा टाकत माप द्यायला यायचे. नव्या कापडाचा वास, तुझ्या तोंडात टाचण्या, आणि टाचण्यांमधूनच दम, "श्वास सोड, पोट आत ओढू नकोस. टेपला फसवता येत नाही."

टेपला फसवता येत नसेल गं, पण टेप आपल्याला फसवते. ऑफिसची टेप पहिल्याच दिवशी सातवीच्या रस्सीखेचीत कामी आली, म्हणून मी पिशवीतली एक जुनी कापडी टेप काढली. आकडे बघते तर अख्खी शाळा फुगलेली! मुख्याध्यापिकाबाईंनी धसका घेतला. मधल्या सुट्टीतले डबे बंद, मैदानाला दहा फेऱ्या सुरू. मला वाटलं, माझ्या कष्टांचं चीज झालं.

आठवड्याने एक शिवणकाम करणारी आई मुलीचा हात धरून आली. मुलगी म्हणजे आमची खार. अंगावर मूठभर मांस नाही, पण झाडावर सगळ्यांत आधी.

"बाई, चार दिवस झाले, ही ताट सरकवून उठते. म्हणते, बाईंच्या कागदावर मी जाडी आहे. अहो, हिच्या फ्रॉकचं माप मला झोपेत विचारा!"

तिने गळ्यातली टेप काढून माझ्या टेपशेजारी धरली आणि कपाळावर हात मारला. "या टेपचं तोंड कुणी खाल्लं?"

कुणीतरी सुरुवातीची दोन बोटं फाटकी पट्टी कापून पितळी टोक पुन्हा सफाईने बसवलं होतं. पहिले आकडे झिजलेले, त्यामुळे मोजणी दोन बोटं पुढूनच सुरू होते याचा मला पत्ताच नाही. नव्वद मुलं माझ्या कागदावर उगाच दोन-दोन बोटं जाड!

पदवी घेताना मी किती ताठ उभी होते ते तू पाहिलंस. तेवढीच वाकून खारीपुढे बसले. म्हटलं, "चूक टेपची होती, तुझी नाही."

"टेपची की तुमची?"

"माझी."

मग तिने आईने आणलेला डबा स्वतः उघडला. (काय खाल्लं, ते त्या दिवशी मी लिहून घेतलं नाही.) ऑफिसातल्या आमच्या मॅडमना सगळं सांगितलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "पुन्हा मोज. नव्वदही." मोजल्या. फेऱ्या थांबल्या, डबे उघडले, नोकरी वाचली.

तुझी,
शिकलेली भाची

ता. क. : ती टेप तुझीच. घर सोडताना यंत्राच्या खणातून उचलली, जवळ तुझं काहीतरी असावं म्हणून. आतोबांनी हरवली म्हणून वर्षभर भांडते आहेस, ते आता मिटव.

ता. क. २ : दोन बोटं वजा करायची हे तुला पाठ असणारच. मग माझेच फ्रॉक कायम ढगळ कसे? "वाढतं अंग आहे," म्हणायचीस. विसरायचीस, की मुद्दाम?

ता. क. ३ : नव्या टेपने माझीही कंबर मोजली. तिथे वजाबाकीचा काही उपयोग नाही. (मुलांची पावलं मी दिवसभर खुर्चीत बसून लिहिते.) सोबत पदवीच्या दिवशी तू शिवलेला ड्रेस पाठवते आहे, पत्र लिहायचं खरं कारण तेच. शिवणीत दोन बोटं कापड ठेवलं असशीलच. तेवढं सोडून दे.