रेशीम परिषदेत तीन मिनिटं

तेगू, मंगळवार

आदरणीय ओक्बुनताईस, धाकट्या ग्यूसोकचा जमिनीला कपाळ टेकून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? तू दिलेला किमचीचा डबा बसमध्येच पिशवीत फुटला. त्या आंबूस वासामुळे परिषदेत माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या.

परिषद होती 'जगाच्या इतिहासातील रेशीम'. दारावर फलक : सर्व नागरिकांस मुक्त प्रवेश. (मुक्त म्हणजे खुर्चीपर्यंत.) आधी पाच पाहुण्यांनी शुभेच्छा दिल्या. मग सगळ्यांचा एकत्र फोटो झाला (तो सुरुवातीलाच काढतात, नंतर माणसं उरत नाहीत) आणि पाचही जण निघून गेले. मग सोलहून आलेले प्राध्यापक नोह उठले. चीनच्या राण्या झाल्या, रोमचे उमराव झाले, उंटांची तर अकरा चित्रं दाखवली. शेवटी म्हणाले, "सांग्जूच्या रेशीम गिरणीतल्या मुलींबद्दल मात्र काही सांगता येत नाही. पुरावाच उरलेला नाही."

ताई, माझं डोकं फिरलं. उंटाचे दात मोजलेत यांनी! आणि तू अकरा वर्षं उकळत्या पाण्यातून कोश उचललेस, तुझ्या पगारावर मी शिकलो, आज ओळखपत्राच्या कचेरीतलं यंत्र तुझा अंगठा घेत नाही. तो कारकून म्हणतो, "आजी, बोट नीट पुसा," आणि तू म्हणतेस, "बाळा, गिरणीनं केव्हाच पुसलंय." हा पुरावा नाही? मी उभा राहिलो, तर अध्यक्ष म्हणाले, "आजोबा, बसा, वेळ संपली." ज्यांनी इतिहास घडवला त्यांच्यासाठी यांच्याकडे कधीच वेळ नसतो!

तुझा,
ग्यूसोक

ता. क. तुझ्यापासून काय लपवायचं? माइक मिळाला होता. तीन मिनिटं. मी रोमपासून सुरुवात केली. मंगोलांपर्यंत पोचलो आणि घंटा वाजली. नोह विचारत होते, "यात प्रश्न कोणता?" तुझं नाव राहूनच गेलं. ('तुला जेवायला वाढलं तर आधी तांदळाचा इतिहास सांगशील' असं तू म्हणतेस, ते तिथेच आठवलं.)

आणखी एक. समारोप पुढच्या शनिवारी आहे. तिथे लेखी प्रश्न घेतात. कोरी चिठ्ठी सोबत पाठवतोय, तळहाताएवढीच आहे. तूच भर : नाव, गिरणी, वर्षं. सहीच्या जागी लाल शाईत अंगठा उमटव. रेघ एकही येणार नाही, नुसता गुळगुळीत डाग येईल. त्या डागाकडे बघून नोहनी पुन्हा म्हणावं, पुरावा नाही म्हणून. मी चिठ्ठी फक्त नेऊन देईन. तोंड उघडणार नाही, वचन देतो.