पट्टीच्या आतले शब्द

मंगळवार, ९ मार्च

ती. ताईस, साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. भाचीचा दात पडल्याचं दादाला वाचून दाखवलं. तो हसला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "कुणाचा दात?"

इकडे ठीक आहे. दादाचा गुडघा बरा आहे. देशाकडून खेळलेल्या एकेचाळीस सामन्यांचे फोटो मी रोज पुसतो. रविवारी तो आपल्याच गल्लीत घर चुकला. हे खरं म्हणजे आधी लिहायला हवं होतं.

पुढच्या गुरुवारी मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचंय. ते विचारतील, रग्बी खेळताना डोक्याला मार किती वेळा बसला? कागदोपत्री दोनदा. ताई, तो आकडा खोटा आहे. माझ्यामुळे खोटा आहे.

सामन्याआधी त्याच्या मनगटाला पट्टी मीच बांधायचो, आठवतं ना? डोकं आपटलं की संघाचे डॉक्टर त्याला बाजूला घेऊन पाच शब्द सांगत आणि जरा वेळाने परत विचारत. आठवले तर खेळ, नाहीतर बाहेर, आणि मार कागदावर. शब्द दरवेळी तेच: कात्री, मीठ, खिडकी, पूल, लोकर. तरी शेवटी शेवटी ते त्याच्या लक्षात राहीनात. मग मी ते पट्टीच्या काठाखाली बारीक अक्षरात लिहू लागलो. पहिल्यांदा 'खिडकी'ची पहिली वेलांटी चुकली. सातवीतच शाळा सुटली असली तरी मला ते बघवेना. मी पट्टी सोडायला लागलो, तर दादा म्हणाला, "अरे शहाण्या, मला काय निबंध वाचायचाय?" आम्ही पोट धरून हसलो.

शेवटचे चौदा सामने तो असा खेळला. एकदा तर पडल्यावर त्याने मला ओळखलंही नव्हतं, पण शब्द पाचही सांगितले.

कुणाला सांगणार नाही, अशी त्याने माझ्याकडून शपथ घेतली होती. ती आता त्याला आठवत नाही. मला आठवते. गप्प बसलो तर डॉक्टरांना निम्मंच कळेल. बोललो तर तो माझ्याकडे बघेल. मला त्या बघण्याची भीती वाटते.

आज सकाळी त्याला म्हटलं, "गुरुवारी डॉक्टर काही शब्द विचारतील." त्याने लगेच बाही वर सारली, मनगट पुढे केलं.

"लिही पटकन. शिट्टी होईल."

पेन माझ्या खिशातच होतं. मी ते काढलं नाही. त्याचा हात तसाच पुढे, कितीतरी वेळ.

गुरुवारी मी सगळं सांगणार आहे. तू ये. मी बोलत असताना त्याचा तो हात तू धर.

तुझा धाकटा,
ज्याचं अक्षर दादाला चिखलातही वाचता यायचं