पान झाकल्यावर

१३ जानेवारी १९८६
आज दुसरीच्या वर्गात एक चमत्कारिक गोष्ट घडली. इंग्रजी वाचनपुस्तकातली शिंप्याच्या बकरीची गोष्ट वैशाली मोठ्याने वाचत होती. बोट ओळीखाली, आवाज खणखणीत, कुठे अडखळणे नाही. पान उलटताना दोन पाने एकदम उलटली गेली. हस्तकलेच्या तासाची खळ लागून ती चिकटली होती. समोर आला विहिरीचा धडा. वै. मात्र चिकटलेल्या पानांच्या आतली बकरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मोकळी झाली. बोट विहिरीवरून फिरत होते.
मग ती वाचत होती ते कुठून? असे मूल घरोघरी असेल: तोंड घडाघडा चालते, डोळे खिडकीबाहेर. आपण कौतुक करतो. मीही जूनपासून करत आले.

१५ जाने.
पद्धतशीर तपासणी. त्याच पानातले शब्द कार्डांवर लिहिले, क्रम मोडून एकेक दाखवले. वै.ला ‘गोट’ एकटा ओळखता येईना. म्हणाली, “चित्र कुठंय, टीचर?” वर्गातल्या निम्म्यांची हीच गत. बी.एड.ला शिकलेले सगळे आठवून पाहिले. यावर काही आठवेना.

८ फेब्रुवारी
संध्याकाळी वै.च्या घरी गेले. वडील परब, गिरणी संपात गेली ती गेलीच. आता मरोळला एका कारखान्यात पॅकिंगला. शनिवारी त्यांच्या खोलीत भजन असते. प्रत्येकाच्या मांडीवर वही उघडी. बुवांनी ओळ म्हणायची, मंडळींनी उचलायची. वै. वडिलांना खेटून बसलेली, त्यांच्या वहीवर बोट फिरवत, सुरात. भजन संपल्यावर मी ती वही पाहिली. भलतेच पान उघडे होते. कुणाला त्याचे काही नव्हते. सगळ्यांना सगळे येते, वही असते ती मान म्हणून.
निघताना सहज विचारले, वाचायचे म्हणजे काय करायचे गं?
“पुस्तक उघडायचं, आणि टीचरच्या मागून उचलायचं.”
तिचे काय चुकले? मी एक ओळ म्हणते, साठ गळे उचलतात. वर्गातली बुवा मीच.

१० फेब्रु.
ठरले. मागून म्हणणे बंद. वै.ला शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास. वहीत मी नवी वाक्ये लिहायची, तिने कधी न ऐकलेली. आधी ध्वनी, मग जोडणी, मग शब्द, मग तेच वाक्य तीन वेळा. उत्साह वाटतो आहे.

२६ फेब्रु.
उत्साह संपला. ती एकेक अक्षर उचलते. शब्दाच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरते. त्याहून वाईट म्हणजे, आता बकरीच्या धड्यातही ती अक्षरांकडे पाहते आणि अडते. जे पाठ होते तेही मोडले. वाचताना मान हलवायची, तीही थांबली.

७ मार्च
मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावले. एप्रिलची तोंडी परीक्षा त्याच घेतात, पुस्तकातल्याच पानावर. माझे सगळे म्हणणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “पाठ होतं ते राहू द्यायचं होतंत. माझ्यासमोर अडली, तर तिसरीत कशी घेऊ? दाखला घ्या म्हणावं, मराठी शाळेत जाईल.”
मी मराठी शाळेतच शिकले. तिथे कमीपणा काही नाही. पण वाचन आपल्यासाठी नसतेच, हे मनाशी धरून ती जाईल. आणि ते तिला मी शिकवलेले असेल.

१४ मार्च
परब पाळी बदलून फाटकाशी उभे होते.
“बाई, पोरगी आधी झकास वाचायची. शेजारी ऐकायला यायचे. आता तोंडातून शब्द नाय. माझ्या चेडवाचं वाचन नेलंत कुठं?”
पाव तास समजावले. चांगले वाचणाऱ्याचे डोळे आवाजाच्या पुढे धावतात, तोंड एका शब्दावर असते तेव्हा नजर दोन-तीन शब्द पलीकडे पोचलेली असते, आणि डोळ्यांना ती धाव एकदा सापडली की… ते मान डोलावत होते, भजनात डोलावतात तशी.
“तुमचं बरोबरच असणार. पण पास होईल ना?”


२१ मार्च
ती धाव मोजता येईल असे सुचले. वै. वाचत असताना पानावर तळहात ठेवला. ज्या शब्दावर होती तिथेच बंद. पुन्हा तेच. एकही शब्द पुढे नाही. दीड महिना झाला.
तिला मात्र खेळ आवडला. माझ्या हातातल्या पुस्तकावर तिने हात ठेवला. मी पुढचे चार शब्द म्हटले. म्हणाली, “तुम्ही चोरून बघितलंत.”
बरोबर. त्यालाच वाचणे म्हणतात.

३१ मार्च
वै.ने घरी पपांची वही झाकून पाहिली.
“झाकलं तरी ते म्हणतच राहिले, टीचर. मग पुढचं पान पण म्हणाले. म्हणजे ते वाचत नव्हते ना?”
म्हटले, त्यांना पाठ आहे, ते धन वेगळे.
“मी पण तसंच करायचे,” ती म्हणाली. काही लाज वगैरे नाही.
फरक कळला. कळून वाचता येत नाही.

७ एप्रिल
उद्या तोंडी. बकरीचे पान आज घेतले. पाच ठिकाणी अडली. एवढ्याने ती नापास होणार.
मग वहीत एक नवे वाक्य दिले. मध्यावर हात ठेवला. तिने आणखी दोन शब्द म्हटले. दोन्ही बरोबर. मग थांबली.
“पुढचं?”
“एवढंच दिसलं होतं.”
पहिल्यांदा. पण उद्या मोठ्या बाई पान झाकणार नाहीत, अडखळणे मोजतील. रात्री वडिलांबरोबर बकरी म्हण, असे सांगावे का? सांगितले नाही. म्हणू नको असेही म्हटले नाही.
मो. बाईंच्या टेबलावर सकाळी ठेवायला एक चिठ्ठी स्वच्छ लिहून काढली. वाचतील असे नाही. तिची नक्कल इथे:
कोणतेही पान मोठ्याने वाचायला द्यावे. ओळीच्या मध्यावर, न सांगता, पानावर हात ठेवावा. मूल जागीच थांबले, तर ते अजून अक्षरे चाचपडत आहे. पानाच्या शेवटापर्यंत बोलत राहिले, तर ते पान त्याला पाठ आहे. दोन-तीन शब्द पुढे जाऊन थांबले, तर ते वाचू लागले आहे. मग ते कितीही अडखळो, त्याला थोडा वेळ द्यावा. शंका वाटल्यास आधी स्वतःच्या हातातले पान झाकून पाहावे.