बरा गुडघा

॥ श्री ॥
धार, १२ फेब्रुवारी १९५१

ती. सौ. सुभद्रावहिनींस धाकट्या दिराचा, मानाजीचा, शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. दसऱ्याच्या खो-खोत खांबाला वळसा घेताना मुरगळलेला गुडघा बरा झाला, असे दादाला सांगावे. प्लास्टर कधीच निघाले, सूजही गेली. डॉक्टरांनी पाय हवा तसा वाकवून पाहिला आणि म्हणाले, "घुटना बिल्कुल ठीक है, भिया. अब दौड़ो."

मैदानावर गेलो. पण वळायची वेळ आली की त्या दिवशीचा 'कट्' आवाज कानात येतो आणि पाय थांबतो. दुखत काही नाही, वहिनी. दुखेल असे वाटते, तेवढेच. गडी आधी माझ्यासाठी थांबत, आता मला सोडून खेळतात. अमझेऱ्याच्या शाळेत खेळाच्या मास्तरांची जागा निघाली आहे. जूनमध्ये धावून दाखवायचे. तोवर होईल.

डिंकाचे लाडू माईला एकटीला संपवू देऊ नयेत. माझ्यावरचा लोभ आहे तसाच ठेवावा.

आपला, मानाजी


देवास, २४ एप्रिल १९५१

चि. मानाजीभावजींस अनेक आशीर्वाद.

धारहून आम्ही तिघे सुखरूप पोहोचलो. माईंचा पहिला प्रश्न तुमच्या पायाचा. आईचाच जीव; त्यांना वाटते, दुखणे आत मुरले आहे. निर्गुडीचे तेल करून ठेवले आहे.

तिथे बोलले नाही ते लिहिते. शेजाऱ्यांचा बैल सुटला आणि आमची इंदू गल्लीत एकटी उभी होती, तेव्हा ओट्यावरून उडी टाकून तुम्हीच धावलात. बैलाला वळसा घालून तिला उचललेत. मी दारातून पाहिले. मग तिला खाली ठेवून तुम्ही गुडघ्याकडे पाहिलेत, तुम्हाला घाम फुटला, आणि भिंत धरून घरात आलात.

पाय चालतो, भावजी. तुमच्या दादांना हे सांगितलेले नाही. ते तुम्हाला भित्रा म्हणतील. मला तुम्ही भित्रे वाटत नाही. मग काय, ते मलाही सांगता येत नाही. अमझेऱ्याला धावताना इंदूला आठवा. पत्र धाडण्याचा आळस करू नये.

तुमची, सुभद्रावहिनी


धार, १९ जून १९५१

ती. सौ. वहिनींस शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र वाचून आधी आनंद झाला, मग फार वाईट वाटले. गुडघ्याचा दोष समजत होतो तोवर मी आजारी होतो. आता मी कोण, ते कळेना.

अमझेऱ्याला गेलो. इंदूला आठवले, बैलही आठवला. खांबापर्यंत नीट धावलो आणि वळायच्या जागी उभा राहिलो. हेडमास्तरांनी पुन्हा धावायला सांगितले. पुन्हा तेच. मुले हसली असती तर बरे झाले असते. पाय दुखतो का, असे हेडमास्तरांनी विचारले. मी हो म्हणालो आणि लंगडत बाहेर आलो. वहिनी, तेव्हापासून लंगडतोच आहे. घरातसुद्धा, कुणी पाहत नसताना. नीट चालू म्हटले तरी जमत नाही.

नालछ्याच्या नाक्यावर बसून करायचे काम धरले आहे. एक मागणे आहे. गुडघा बरा असल्याचे माईला कळू देऊ नका. हाड कायमचे बिघडले, असे सांगा. हाडाचे तिला समजेल. माझ्यावरची माया मात्र पातळ करू नये.

आपला, मानाजी


देवास, २८ जून १९५१

चि. भावजींस अनेक आशीर्वाद.

तुमचे दादा म्हणतात, इंदूरच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवू. काय दाखवायचे, ते मी त्यांना सांगू शकले नाही. इंदू काकाची वाट पाहते. या. लंगडत या, कसेही या.

माईंना काल तुम्ही म्हणालात तसे सांगितले. खूप रडल्या. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "म्हणजे माझ्या लेकाचं काही चुकलं नाही." आणि कित्येक महिन्यांनी काल त्या पोटभर जेवल्या.

मी समोर बसून वाढत होते. मला घास गेला नाही.

तुमची, सुभद्रावहिनी