दट्ट्याची पूजा

शनिवार, ११ सप्टेंबर १९४३

आलं! एकदाचं आलं! वाशीमहून बैलगाडीत, घोंगडीत गुंडाळून, खाली कडब्याची गादी अंथरून आणलं. नवी नवरीसुद्धा इतकी जपून कुणी आणत नाही. मला तरी नव्हती आणली.

नाव ‘खतयंत्र’. बारसं ह्यांनीच केलं. अकोल्याच्या प्रदर्शनात कुठल्याशा विलायती यंत्राचं चित्र पाहिलं आणि तेव्हापासून ह्यांना जेवण गोड लागेना. मग लोहाराच्या मागे लागून तसंच घडवून घेतलं. वर घमेल्याएवढं तोंड, आत लोखंडी दात, बाजूला फिरवायची मूठ. स्वयंपाकघरातलं खरकटं वरून टाकायचं, मूठ फिरवायची, खालून लगदा. तो मोरीतून थेट मळ्याच्या खड्ड्यात. त्याचं खत. खतावर फुलकोबी. आणि फुलकोबीवर घराण्याचं नाव अमर!

सोबत बाभळीचा एक दांडा आहे. हातभर लांब, खाली चपटा, वर धरायला गोल बोंड. तो दट्ट्या. खरकटं तोंडात अडकलं की दट्ट्याने आत ढकलायचं. “हात घालायचा नाही बरं! दात आहेत!” मला पुन्हा पुन्हा बजावलं. जशी काही मी दिसेल त्या तोंडात हात घालत फिरते.

सोमवार, १३ सप्टेंबर

आज हसून हसून पोट दुखलं. पण हसले मोरीपाशी जाऊन.

दट्ट्या धुऊन मी चुलीजवळ वाळत ठेवला होता. सासूबाईंनी पाहिला. नवा, गुळगुळीत, वजनदार. उचलला आणि त्याने वांग्याचं भरीत ठेचलं! पानं वाढली, हे जेवायला बसले, दोन घास गेले. “जगदेवा, घोटनी बेस आनली रे बाप्पा! लाकूड भारी हाय.” ह्यांचा तिसरा घास हवेतच राहिला. ओले देठ, सडकी पानं, राखेतली सालं—सकाळी स्वतःच तर ढकलून पाहिलं होतं सगळं!

दट्ट्या धुतलेला होता, हे मी सांगितलं नाही. कुणी विचारलंच नाही. मामंजींनी भरीत आणखी मागून घेतलं. ते बहिरे नाहीत, पण जेवताना होतात.

मंगळवार, १४ सप्टेंबर

ह्यांचं पोट बिघडलं. भरताने नव्हे, विचाराने.

शुक्रवार, १७ सप्टेंबर

यंत्राची उपासमार चालली आहे. सालं, देठं, पाला—सगळं म्हशीचं. “म्हशीच्या तोंडातलं काढून लोखंडाच्या तोंडात घालू काय? ते दूध देते, हे काय देते?” सासूबाईंनी एका वाक्यात विलायत गार केली. धुण्याचं पाणी टाकून हे दोन दिवस नुसतीच मूठ फिरवत होते. आवाज मात्र असा, की शेजारच्या मळ्यातला हिरालाल काय बिघडलं ते पाहायला आला.

मग आज ह्यांची नजर भाकरीच्या टोपलीवर गेली. रात्रीच्या भाकरी उरल्या होत्या, भाजीचं थोडं कोरड्यास होतं. “हे रोज उरतं? आणि जातं कुठे?”

कुठे जातं म्हणजे काय! रामीबाईकडे जातं. ती आपली भांडी घासते. वर्षाची ज्वारी ठरलेली, आणि सांजेला जे उरेल ते तिचं. मी ह्या घरात आले त्याच्या आधीपासून हाच रिवाज आहे. घरी तिची आंधळी आई आहे. सांजेची भाकर ती इथूनच नेते, तेव्हा तिथली चूल पेटली काय आणि न पेटली काय. सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. मालकांना नाही!

हे गंभीर झाले. गंभीर झाले की हे पुस्तकी बोलतात. “लढाई चालू आहे. अन्नाचा कणसुद्धा वाया जाता कामा नये. उद्यापासून सर्व उरलेले अन्न यंत्रात.” म्हणजे भाकर पोटात गेली तर वाया, आणि लोखंडात दळून खड्ड्यात गेली तर उपयोग. मी सातवी पास आहे. मला हे गणित शिकवलं नव्हतं.

शनिवार, १८ सप्टेंबर

रामीबाई टोपलीपाशी गेली. टोपली रिकामी. पदर सारखा केला नि उभी राहिली.

मला राहवेना. सासूबाईंनी नुकत्याच थापलेल्या दोन भाकरी काढल्या नि तिच्यापुढे धरल्या. घेतल्या नाहीत तिने! “ताजी भाकर कायले देता बाई? मी मागाले आली काय?” मी म्हटलं, “अगं, रोज तर नेतेस!” तर म्हणाली, “उरलेलं नेतो जी मी. उष्टं कधी नेलं नाई आन् भीक कधी घेतली नाई. उरलं तं माह्यं, नाई उरलं तं नाई.”

उष्टं म्हणजे पानातलं. उरलं म्हणजे टोपलीतलं. ह्या दोहोंमध्ये रामीबाईची सगळी इभ्रत आहे. आमच्या ह्यांच्या शब्दकोशात एकच शब्द—खरकटं.

ती रिकाम्या पदराने गेली. मला जेवण गेलं नाही.

बुधवार, २२ सप्टेंबर

ह्यांना दया आली! जपून राहायला हवं, ह्यांना दया आली की कुणाचं तरी काही खरं नसतं.

“रामीबाईचे नुकसान झाले आहे. तिला आपण यंत्रावर काम देऊ. दिवाळीला लुगडं देऊ.” म्हणून आजपासून रामीबाई यंत्रावर. एका हाताने मूठ, दुसऱ्या हाताने दट्ट्या. पहिल्याच घाण्याला टोपलीतल्या भाकरी. तिने एक भाकर उचलली, उलटसुलट पाहिली. “मालक, भाकर हाय जी हे. साबूत हाय.” हे म्हणाले, “शिळी आहे. शिळ्याने रोग होतात.” आतापर्यंत तिला नि तिच्या आईला झाले नाहीत, ही त्यांची चूक असावी.

तिने भाकर तोंडात टाकली. म्हणजे यंत्राच्या. अडकली. दट्ट्याने ढकलली. पुन्हा अडकली. ज्वारीची भाकर, सहज थोडीच जाते! रामीबाई दोन्ही हातांनी दट्ट्यावर रेलली तेव्हा गेली.

सासूबाई चुलीपुढून बघत होत्या. हे असं बघूनही त्यांना काही वाटत नाही, ह्याचंच मला नवल वाटतं. भोळ्या आहेत. लेक करतो ते बरोबर.

रविवार, २६ सप्टेंबर

रामीबाई आज भांडी घासता घासता म्हणाली, “तोंड मोठं हाय मशीनचं, पर पोट नाई त्याले. पोट नाई त्याले भाकर देऊन काय फायदा?” काल तिच्या आईने नुसतं मीठ-पाणी घेतलं म्हणे. तेही तिने मागितल्यासारखं सांगितलं नाही. पाऊस थांबला, हे सांगावं तसं सांगितलं.

रागात लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर आलं.

बुधवार, २९ सप्टेंबर

नवीनच गंमत. भाकरी उरेनाशा झाल्या! तीन-चार दिवस टोपलीत चतकोरसुद्धा नाही. यंत्र पुन्हा उपाशी. ह्यांना संशय, मी लपवते. कोठी पाहिली, फडताळ पाहिलं, माझी पेटीसुद्धा! पेटीत भाकर ठेवणारी बाई ह्यांनी कुठल्या प्रदर्शनात पाहिली कोण जाणे. सासूबाई म्हणाल्या, “पावसाळा सरला, भूक वाढली असन मानसाइची.” असेल.

पण रामीबाईला त्याचा काय उपयोग? यंत्र उपाशी, तीही उपाशी. आणि थोडं जरी उरलं तरी आधी मान यंत्राचा.

मंगळवार, ५ ऑक्टोबर

सुचलं! ओसरीत सासूबाई विळे, खुरपी, कुदळी घासत बसल्या होत्या. खांडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा. आणि पूजेतल्या वस्तूला सासूबाई खरकट्याचा वारासुद्धा लागू देत नाहीत. पूजेची सुपारी मोरीजवळ पडली होती तर मला दिवसभर बोलणी बसली होती.

मी अगदी साळसूदपणे विचारलं, “आत्याबाई, दट्ट्या पण हत्यारच ना? नवीन आहे. नाही पुजला तर बरं दिसेल का?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “खरं हाय तुहं. घासून ठेव त्याले.”

इतकं सोपं! भोळ्या माणसांना फसवायला काही अक्कल लागत नाही, हे लिहिताना जरा लाज वाटते. जराच.

गुरुवार, ७ ऑक्टोबर. खांडेनवमी

दट्ट्या देव झाला!

पाटावर मधोमध त्यालाच बसवला. हळद, कुंकू, झेंडूची माळ, पुढे गुळाचा खडा. कुदळी-फावडी दोन्ही बाजूंना, वऱ्हाड्यांसारखी. मीही नमस्कार केला. मनापासून केला.

सांजेला हे मूठ फिरवायला आले. दट्ट्या कुठे? देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या शेजारी, माळ घालून उभा! पुस्तकी भाषा पळाली ती पार धनज गावापर्यंत. “हे कोनं केलं? कायले केलं? ते हत्यार व्हय का, आई!” सासूबाई शांत. “कुंकू लागलं त्याले. आता त्याले खरकटं लावशीन तं मी जेवनार नाई, सांगून ठेवतो. दुसरा घडवशीन तं त्याचीबी पूजा मांडतो.”

मामंजींनी पुन्हा भरीत मागितलं.

शनिवार, ९ ऑक्टोबर

काल दसरा. सीमोल्लंघन ह्यांनी केलं. कुदळीचा मोडका दांडा घेतला आणि यंत्राच्या तोंडात कोंबला. यंत्राने दांडा धरला, ह्यांनीही धरला. कड्कन आवाज! दांड्याचे दोन तुकडे नि यंत्राचे दोन दात खड्ड्यात. हात वाचला, देवाची कृपा. हे खरंच लिहिते.

लोहार म्हणाला, गव्हाच्या पेरणीनंतर बघू. कुठल्या वर्षीच्या, ते सांगितलं नाही. कोंबडी यंत्राच्या तोंडात बसून पाहते आहे, अंडं घालायला बरं पडेल का.

सोमवार, ११ ऑक्टोबर

जिंकले! टोपलीत पुन्हा भाकरी उरू लागल्या. भूक उतरली असावी माणसांची. रामीबाईने सांजेला पदरात घेतल्या, वर थोडं कोरड्यास. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, मी तिच्याकडे पाहिलं नाही. सगळं पहिल्यासारखं. आणि हे कुणी केलं? मी केलं! एकटीने. कुणाला सांगता येत नाही म्हणून इथे मोठ्या अक्षरात लिहिते.

बुधवार, १३ ऑक्टोबर

सासूबाई धनजला गेल्या, बहीण आजारी आहे. पंधरा दिवस तरी यायच्या नाहीत. चूल माझ्या ताब्यात! आजवर भाजी माझी आणि भाकरी त्यांच्या हातच्या, परातीला हात लावू देत नसत. निघताना काही सांगायचं होतं बहुतेक, पण गाडीवान घाई करत होता. “पीठ पाहून घेत जाय वं माय,” एवढंच म्हणाल्या. जसं काही मला पीठ कळत नाही.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

आज भाकरी मी थापल्या. सगळे पोटभर जेवले. काहीच उरलं नाही.

रामीबाई भांडी घासून उठली. टोपलीकडे गेलीच नाही. हात पुसत विचारलं, “मोठ्या बाई धनजून कधी येतात जी?”

तेव्हा कळलं. भाकर उरत नसते. इतकी वर्षं सासूबाई ती उरवत होत्या.