रिकामी खाट

धारवाड, १२ फेब्रुवारी

प्रिय गौरव्वा,

तू, अप्पा, अव्वा सगळी बरी असाल. फोन लावला की तुझा भाऊ उचलतो नि ‘ती रानात आहे’ म्हणतो. म्हणून हे पत्र अंगणवाडीच्या शांतक्कांकडे पाठवतेय. त्या तुझ्याच हातात देतील.

इकडं ठीक. मेसची भाकरी अजून तशीच, वाळलेली. शेंगाचटणी संपली.

इंग्रजीला हिरेमठ मॅडम नव्यानं आल्यात. त्या आम्हाला मोठ्यानं वाचायला लावतात आणि मध्येच थांबवून विचारतात, “आत्ता डोक्यात काय चाललंय? कन्नडात सांग.” परवा अर्थशास्त्राच्या धड्यात ‘डिप्रेशन’ आलं. मी मन खचणं धरून पानभर वाचत गेले.

“चुकलं कुठं, ते कधी कळलं?” मॅडमनी विचारलं.

“कारखाने बंद पडायला लागले तेव्हा. मग कळलं, ही मंदी.”

वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, “हसू नका. चुकीच्या गाडीत बसलोय हे तिचं तिला कळलं. तुमच्यातले निम्मे अजून त्याच गाडीत बसलेत.”

तेव्हा तुझीच आठवण आली. तू प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडायचीस, ओळींच्या मध्ये कन्नड अर्थ लिहून पान काळं करायचीस आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायचीस. मग म्हणायचीस, “माझं डोकंच कमी.” गौरव्वा, डोकं कमी नव्हतं. अडलेला शब्द सोडून पुढं जायचं, दोन ओळी झाल्या की थांबून स्वतःला विचारायचं, हे आपल्याला कुणी शिकवलंच नव्हतं. हल्ली मी तसंच वाचते. सावकाश जमतंय.

काल मॅडमनी विचारलं, “वाचताना मन कुठं निसटतं?” कुणी क्रिकेट म्हणालं, कुणी भूक. माझ्या तोंडून गेलं, “खिडकीजवळच्या रिकाम्या खाटेवर.” कुणी हसलं नाही.

मागल्या आठवड्यात तुझा भाऊ ट्रंक न्यायला आला होता. जाताना म्हणाला, “बसव जयंतीनंतर तिचं लग्न आहे. या सगळ्या जणी.” मी ‘बरं’ म्हटलं. सगळे शब्द आपल्या कन्नडातले. तरी मला काहीच कळलं नाही. तो फाटकाबाहेर गेला तरी मी तिथंच उभी होते.

कळलं नाही तर पुढं रेटू नये, मागं येऊन विचारावं, असं मॅडम सांगतात. म्हणून विचारते: तू हो म्हणालीस का?

म्हणाली असशील तर मी येईन, तुझ्या हळदीला पुढं होऊन गाणी म्हणेन. नसशील म्हणाली, तर तुझ्या राहिलेल्या इंग्रजीची पुरवणी परीक्षा जूनमध्ये आहे, आणि मॅडम तुझ्या अप्पांशी बोलायला माझ्याबरोबर यायला तयार आहेत. त्यांना मी विचारून ठेवलंय.

एवढंच लिहायचं होतं. बाकीचं सगळं उगाच लिहिलं.

शांतक्कांपाशी एका शब्दात निरोप दे. तो कसाही असो, नीट वाचेन.

तुझ्याविना या खोलीत एकटी पडलेली,
कस्तुरी